चिन्हमालेचा अंत्यभाग, जावास्क्रिप्टमधील

जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेतील आज्ञावलीत एखाद्या चिन्हमालेचा शेवटाकडील भाग वेगळा काढण्याची क्रिया व तिच्यासाठी उपलब्ध असलेल्या पद्धती. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, मोकळ्या जागा इ. चिन्हे एकापुढे एक क्रमाने मांडली असता होणाऱ्या रचनेस संगणकशास्त्रात चिन्हमाला किंवा स्ट्रिंग म्हणतात. व्यक्तीचे नाव, पत्ता, बँकेतील खात्याचा क्रमांक, धारिकेचे म्हणजे फाइलीचे नाव, आंतरजालावरील पत्ता, एवढेच नव्हे तर संपूर्ण लेखदेखील संगणकाच्या दृष्टीने चिन्हमालाच होय. धारिकेच्या नावावरून तिचा प्रकार ओळखणे, लांबलचक पत्त्यातून अखेरचे नाव वेगळे करणे, खात्याच्या क्रमांकातील शेवटचे चार अंक तेवढे दाखविणे यांसारख्या कामांत मालेच्या सबंध भागाची नव्हे, तर केवळ अंत्यभागाची गरज असते.

ही क्रिया वरवर पाहता किरकोळ वाटते. तथापि तिच्यात तीन स्वतंत्र प्रश्न अंतर्भूत आहेत : अंत्यभाग कोठून सुरू होतो हे कसे ठरवावयाचे, ठरविलेली खूण मालेत नसेल किंवा माला अपेक्षेपेक्षा लहान असेल, तर काय घडावयाचे, आणि मालेतील ‘एक चिन्ह’ म्हणजे नेमके काय. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक आज्ञावलीकार देतात. दुसरा पुष्कळदा विसरला जातो. तिसरा प्रश्न रोमन लिपीतील साध्या मजकुरात जाणवत नाही. मराठी मजकुरात मात्र तो पहिल्या शब्दापासूनच उपस्थित होतो. या लेखात जावास्क्रिप्टमधील आज्ञांची नावे देवनागरीत दिलेली आहेत. प्रत्यक्ष आज्ञावलीत ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

इतिहास : जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील नेटस्केप या कंपनीत तयार केली. तिचे मूळ स्वरूप अवघ्या दहा दिवसांत सिद्ध झाले होते. मोका व लाइव्हस्क्रिप्ट अशी दोन नावे बदलून डिसेंबर १९९५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. जावा या भाषेशी तिचे नाते मुख्यतः नावापुरते असले, तरी चिन्हमालांवरील काही पद्धतींची नावे जावातूनच घेतलेली आहेत. ‘सबस्ट्रिंग’ व ‘लास्टइंडेक्सऑफ’ ही त्यांपैकी होत. १९९७ मध्ये ‘एक्मास्क्रिप्ट’ या नावाने भाषेचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्यात सबस्ट्रिंग, लास्टइंडेक्सऑफ व स्प्लिट यांचा समावेश होता. अंत्यभाग काढण्यास सर्वांत सोयीची असलेली ‘स्लाइस’ ही पद्धती व नमुन्यांवरून शोध घेण्याची सोय १९९९ मधील तिसऱ्या आवृत्तीत मानक झाली. २०१५ च्या आवृत्तीत ‘एंड्जविथ’ व ‘नॉर्मलाइज’, २०१९ च्या आवृत्तीत ‘ट्रिमएंड’ आणि २०२२ च्या आवृत्तीत ‘अ‍ॅट’ या पद्धतींची भर पडली. एकाच कामासाठी अनेक पद्धती का आढळतात, याचे कारण या क्रमिक वाढीत आहे. आंतरजालावरील जुनी पृष्ठे बंद पडू नयेत म्हणून एकदा दिलेली पद्धती सहसा काढून टाकण्यात येत नाही.

चिन्हमालेची रचना : मालेतील प्रत्येक घटकास स्थानांक असतो व मोजणी शून्यापासून सुरू होते. दहा घटकांच्या मालेत पहिल्याचा स्थानांक ० व शेवटच्याचा ९ असतो. घटकांची एकूण संख्या ‘लेंग्थ’ या गुणधर्मात मिळते. त्यामुळे शेवटच्या घटकाचा स्थानांक लांबीपेक्षा नेहमी एकाने कमी असतो. मोजणीतील एकाची चूक ही आज्ञावलीतील सर्वांत जुन्या व सर्वांत चिवट चुकांपैकी एक असून अंत्यभाग काढताना ती विशेष संभवते.

जावास्क्रिप्टमधील चिन्हमाला अपरिवर्तनीय असते. तिचा भाग काढला म्हणजे मूळ मालेतून काही कमी होत नाही. एक नवी माला मिळते. मात्र ‘नवी’ हा शब्द तर्कदृष्ट्या घ्यावयाचा. गूगलच्या व्ही८ यासारख्या यंत्रणा पुरेशा लांबीच्या भागाची प्रत न करता मूळ मालेतील जागेकडे केवळ निर्देश करून ठेवतात. यामुळे वेळ वाचतो. परंतु छोटासा अंत्यभाग वापरात असेपर्यंत फार मोठी मूळ मालाही संगणकाच्या स्मृतीत अडकून राहू शकते.

स्थानावरून छेद : अंत्यभागाची लांबी आधी ठाऊक असेल, तर तो स्थानावरून काढतात. यासाठी तीन पद्धती आहेत. ‘००२४७१८३९६’ हा खात्याचा क्रमांक उदाहरणादाखल घेऊ. त्याची लांबी १० आहे.

स्लाइस या पद्धतीस ऋण संख्या दिल्यास मोजणी शेवटाकडून होते. म्हणून स्लाइस(-४) चे फलित ‘८३९६’ असे येते. दोन संख्या दिल्यास पहिल्या स्थानापासून दुसऱ्या स्थानाच्या अलीकडपर्यंतचा भाग मिळतो. स्लाइस(-४, -२) यावरून ‘८३’ मिळेल. सबस्ट्रिंग ही पद्धती ऋण संख्येस शून्य समजते. त्यामुळे सबस्ट्रिंग(-४) यातून शेवटचे चार अंक न मिळता सबंध क्रमांक मिळतो. तिच्याकडून अंत्यभाग हवा असल्यास लांबीतून चार वजा करून येणारी संख्या द्यावी लागते. तिचा दुसरा विशेष असा की, पहिली संख्या दुसरीपेक्षा मोठी असल्यास ती दोहोंची अदलाबदल करते. सबस्ट्रिंग(१०, ६) चे फलित ‘८३९६’ येते, तर स्लाइस(१०, ६) ची रिकामी माला मिळते.

तिसरी पद्धती ‘सबस्ट्र’ होय. तीत दुसरी संख्या शेवटचे स्थान दर्शवीत नसून काढावयाच्या भागाची लांबी दर्शविते. नावांतील सारखेपणामुळे तिची सबस्ट्रिंगशी गल्लत होते. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या आठव्या आवृत्तीपर्यंत सबस्ट्रला ऋण संख्या दिल्यास ती शून्य मानली जात असे; त्यामुळे एकाच आज्ञेची दोन ब्राउझरांत दोन उत्तरे येत. मानकात ही पद्धती मुख्य भागात नसून जुन्या वापरासाठी ठेवलेल्या परिशिष्टात आहे, व नव्या आज्ञावलीत ती टाळावी असाच संकेत आहे.

स्लाइस सर्वांत सोयीची असली, तरी तिच्यात दोन कोपरे अडचणीचे आहेत. पहिला शून्याचा. शेवटचे ‘न’ घटक हवे असता न ची किंमत आज्ञावली चालू असताना ठरत असेल व ती शून्य आली, तर अपेक्षित फलित रिकामी माला हे होय. परंतु उणे शून्य व शून्य यांत स्लाइस भेद करीत नाही. ती मालेच्या आरंभापासून सुरुवात करून सबंध माला परत देते. म्हणजे ‘काहीही नको’ या मागणीस ‘सर्व काही’ हे उत्तर मिळते. दुसरा कोपरा लहान मालेचा. शून्याची अडचण टाळण्यासाठी स्लाइसला ‘लांबी वजा न’ ही संख्या दिली आणि माला तीन घटकांची व न ची किंमत पाच असली, तर उणे दोन ही संख्या येते आणि तीनऐवजी दोनच घटक मिळतात. या ठिकाणी सबस्ट्रिंग उपयोगी पडते. ‘लांबी वजा न’ ही संख्या तिला दिल्यास न शून्य असता रिकामी माला व न लांबीपेक्षा जास्त असता सबंध माला मिळते. ऋण संख्येस शून्य समजण्याचा जो गुण एरवी दोष वाटतो, तोच येथे कामी येतो.

या कोपऱ्यांचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. गोपनीय क्रमांकाचा शेवटचा भाग तेवढा उघड ठेवून उरलेला झाकण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. भारतातील झाकलेल्या स्वरूपाच्या आधारपत्रावर बारा अंकांपैकी शेवटचे चारच दिसतात. क्रमांक काही कारणाने चार अंकी किंवा त्याहून लहान निघाला, तर स्लाइस(-४) तो पूर्णपणे उघड करील. म्हणून प्रथम लांबी तपासणे व मगच छेद घेणे आवश्यक ठरते. असे क्रमांक संख्येच्या रूपात न साठविता चिन्हमालेच्या रूपातच साठवावेत, हाही नियम येथूनच निघतो. संख्येच्या रूपात आरंभीची शून्ये नाहीशी होतात. शिवाय जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ या मर्यादेपलीकडे सर्व पूर्णांक अचूक धरून ठेवू शकत नाही व बिघाड नेमका शेवटच्या अंकांत होतो.

विभाजक चिन्हावरून छेद : पुष्कळदा अंत्यभागाची लांबी ठाऊक नसते, त्यापूर्वी येणारे विभाजक चिन्ह ठाऊक असते. ‘छायाचित्रे/गड/रायगड.जेपीजी’ या मार्गातून धारिकेचे नाव काढावयाचे म्हणजे शेवटच्या तिरक्या रेघेनंतरचा भाग घ्यावयाचा. यासाठी दोन रीती आहेत. पहिलीत लास्टइंडेक्सऑफ ही पद्धती शेवटाकडून मागे शोध घेते व विभाजकाचे स्थान सांगते. हे स्थान मात्र नेहमीप्रमाणे आरंभापासूनच मोजलेले असते. त्यात एक मिळवून स्लाइस केले की, ‘रायगड.जेपीजी’ हा भाग हाती येतो. दुसऱ्या रीतीत स्प्लिट या पद्धतीने मालेचे विभाजकाच्या जागी तुकडे पाडतात व त्यांच्या सारणीतील शेवटचा तुकडा ‘पॉप’ने किंवा अ‍ॅट(-१) ने उचलतात. दुसरी रीत वाचावयास सोपी आहे; परंतु एका तुकड्यासाठी ती सर्व तुकडे तयार करते. मार्ग लहान असता हा फरक जाणवत नाही. लाखो ओळींच्या मजकुरात जाणवतो.

विभाजक मालेत नसेलच, तर लास्टइंडेक्सऑफ उणे एक ही संख्या देते. तिच्यात एक मिळविल्यास शून्य येते व स्लाइस सबंध माला देते. ‘रायगड.जेपीजी’ एवढेच नाव दिलेले असता हे योग्यच आहे, कारण मार्ग नसला तरी धारिकेचे नाव तेच राहते. परंतु हीच रीत टिंबानंतरचा प्रत्यय काढण्यास वापरली व नावात टिंबच नसले, तर सबंध नाव प्रत्यय म्हणून पुढे येते. एकाच सूत्राने एका ठिकाणी बरोबर व दुसऱ्या ठिकाणी चूक उत्तर मिळते. म्हणून विभाजक न सापडल्यास काय करावयाचे, ते प्रत्येक प्रसंगी स्वतंत्रपणे ठरवावे लागते. मार्गाच्या अखेरीस तिरकी रेघ असल्यास तिच्यानंतर काहीच नसते व अंत्यभाग रिकामा येतो. विंडोज या प्रणालीत मार्गातील विभाजक उलट बाजूस झुकलेली रेघ असतो. आंतरजालावरील पत्त्यात मार्गानंतर प्रश्नचिन्ह व त्यापुढे शोधाचा तपशील येऊ शकतो आणि त्या तपशिलातही तिरकी रेघ असू शकते. अशा वेळी पत्त्याचे भाग पाडणारी ‘यूआरएल’ ही तयार रचना वापरून प्रथम मार्ग वेगळा करावा व मग त्याचा अंत्यभाग घ्यावा, हे इष्ट.

शेवटचा भाग दृष्टीआड झाल्याने केवढे नुकसान होऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण मे २००० मध्ये घडले. ‘आय लव्ह यू’ या नावाने ओळखला गेलेला उपद्रवी प्रोग्राम फिलिपीन्समधून ई-पत्रांद्वारे जगभर पसरला. त्याच्यासोबतच्या धारिकेच्या नावात ‘टीएक्सटी’ व त्यानंतर ‘व्हीबीएस’ असे दोन प्रत्यय होते. पहिला साध्या मजकुराचा, तर दुसरा प्रत्यक्ष चालणाऱ्या आज्ञावलीचा. विंडोज प्रणाली परिचित प्रत्यय एरवी लपवीत असल्याने अनेकांना अखेरचा प्रत्यय दिसलाच नाही. मजकूर समजून त्यांनी ती धारिका उघडली. धारिकेचे स्वरूप सर्वांत शेवटच्या प्रत्ययावरून ठरते, पहिल्या टिंबापासूनच्या भागावरून नव्हे, हे या घटनेने ठळक केले. उलटपक्षी काही संक्षिप्त संग्रहांच्या नावांत ‘टार’ व ‘जीझेड’ असे दोन प्रत्यय मिळूनच खरा प्रकार कळतो. म्हणजे ‘शेवटचा भाग’ कोणता, हे विभाजकावरून आपोआप ठरत नाही. त्या मजकुराच्या संकेतांवरून ठरते.

व्यक्तींच्या नावांबाबतही असेच आहे. मोकळ्या जागेवरून तुकडे पाडून शेवटचा तुकडा आडनाव म्हणून घेण्याची रीत इंग्रजी पद्धतीच्या नावांवर बेतलेली आहे. महाराष्ट्रात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव असा क्रम बोलण्यात असला, तरी शालेय व शासकीय याद्यांत आडनाव प्रथम लिहिण्याचा प्रघात आहे. अशा यादीवर ही रीत चालविल्यास आडनावाच्या रकान्यात वडिलांची नावे जाऊन बसतात. आज्ञावली न अडखळता पूर्ण होत असल्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही.

अंत्यभागाची तपासणी : अंत्यभाग काढण्याऐवजी माला विशिष्ट भागाने संपते की नाही, एवढेच पाहावयाचे असल्यास एंड्जविथ ही पद्धती वापरतात. तिचे फलित सत्य किंवा असत्य असते. संकेतस्थळाचे नाव ‘पेढी.इन’ ने संपत असल्यासच त्यावर विश्वास ठेवावयाचा, असा नियम आज्ञावलीत घातला, तर ‘खोटीपेढी.इन’ हे नावही त्या कसोटीस उतरते. नाव नेमके ‘पेढी.इन’ असावे किंवा टिंबासह ‘.पेढी.इन’ ने संपावे, अशी दुहेरी तपासणी केल्यासच ही वाट बंद होते. अंत्यभागाची सीमा नेमकी कोठे आहे, हे निश्चित केल्यावाचून केलेली तुलना सुरक्षेच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते.

नमुन्यावरून छेद : विभाजक एकच चिन्ह नसून अनेक पर्याय संभवत असतील, तर मजकुराचा नमुना सांकेतिक भाषेत लिहून शोध घेतात. यास नियमित पदावली म्हणतात. तीत डॉलरचे चिन्ह मालेचा शेवट दर्शविते. ‘शेवटास लागून असलेले सर्व अंक’, ‘शेवटच्या मोकळ्या जागा’ अशा मागण्या त्यामुळे एका ओळीत मांडता येतात. बहुओळी शोधाचा पर्याय चालू असल्यास हेच चिन्ह प्रत्येक ओळीचाही शेवट दर्शविते, हे लक्षात ठेवावे लागते.

नमुना शेवटाशी बांधलेला असला, तरी सामान्यतः शोध शेवटापासून सुरू होत नाही. तो आरंभापासून एकेका स्थानी प्रयत्न करीत पुढे सरकतो. याचा परिणाम २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो या प्रसिद्ध संकेतस्थळावर दिसून आला. तेथील आज्ञावली जावास्क्रिप्टमध्ये नव्हती. परंतु तत्त्व तेच आहे. मजकुराच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा काढण्यासाठी तेथे एक पदावली वापरलेली होती. एका लेखात मध्येच सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या व त्यांच्यानंतर मजकुराचा शेवट नव्हता. शोधयंत्रणेने पहिल्या जागेपासून २०,००० पावले चालून पाहिले, शेवट न मिळाल्याने दुसरीपासून १९,९९९ पावले, मग तिसरीपासून, अशी एकूण सुमारे वीस कोटी पावले टाकली. तो लेख मुखपृष्ठावर होता व सर्व्हर ठीक आहेत की नाहीत, याची तपासणीही मुखपृष्ठावरूनच होत असल्याने संपूर्ण संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. जावास्क्रिप्टमध्ये शेवटच्या मोकळ्या जागा काढण्यासाठी ट्रिमएंड ही स्वतंत्र पद्धती आहे. तिला मधल्या जागांशी कर्तव्य नसते, म्हणून ती श्रेयस्कर होय.

घटक, संकेतांक व अक्षर : वर ‘घटक’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. जावास्क्रिप्टमध्ये मालेचा घटक म्हणजे १६ बिटांचे एक एकक असते. जगातील लिप्यांतील चिन्हांस क्रमांक देणारे युनिकोड हे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा १६ बिटांत मावणारी ६५,५३६ स्थाने सर्व लिप्यांना पुरतील अशी कल्पना होती. पुढे ती अपुरी ठरल्यावर १९९६ पासून त्यापलीकडील चिन्हे एककांच्या जोडीने दर्शविण्याची योजना झाली. भाषेची घडण आधीच्या कल्पनेवर झालेली असल्याने लेंग्थ, स्लाइस, सबस्ट्रिंग, अ‍ॅट इ. आजही एककेच मोजतात. चेहऱ्यांची भावचित्रे अशा जोडीने बनलेली असतात; अशा चित्राने संपणाऱ्या मालेवर स्लाइस(-१) चालविल्यास अर्धी जोडी हाती येते. ती कोणतेच चिन्ह नसते व पत्त्यासाठी तिचे सांकेतिक रूपांतर करू गेल्यास आज्ञावली दोष दाखवून थांबते. मराठीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण मोडी लिपीचे आहे. मोडीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला व तिचे सर्व वर्ण या पलीकडील भागात आहेत. त्यामुळे मोडीतील कोणत्याही शब्दाचा ‘शेवटचा घटक’ हा नेहमी अर्धाच वर्ण असतो.

देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र खंड असून तिचे प्रत्येक चिन्ह एका एककात मावते. तरीही अडचण संपत नाही, कारण देवनागरीत चिन्ह व अक्षर एकच नव्हेत. संगणकात व्यंजन, मात्रा, हलंत खूण, अनुस्वार हे सर्व स्वतंत्र संकेतांक असतात. वाचक मात्र त्यांचे मिळून एक अक्षर वाचतो. ‘पुणे’ या शब्दात दोन अक्षरे आहेत, परंतु प, उकार, ण व एकाराची मात्रा मिळून त्याची लांबी ४ भरते. स्लाइस(-१) चे फलित ‘णे’ नसून केवळ मात्रा असते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात म, हा, रा व ष्ट्र ही चार अक्षरे असून लांबी १० आहे. शेवटचे अक्षर पाच एककांचे असल्याने ते पूर्ण मिळण्यास स्लाइस(-५) लागते. एक घटक घेतल्यास ‘र’ मिळतो व चार घेतल्यास हलंत खुणेने सुरू होणारा तुटका भाग पडद्यावर येतो. उलट ‘कोल्हापूर’ या नावातून स्लाइस(-३) ने ‘पूर’ हा भाग व्यवस्थित मिळतो. पण तो तसा मिळणे हा योगायोग होय. ठराविक लांबीच्या रकान्यात नाव बसविण्यासाठी अशी आज्ञा सरसकट वापरल्यास इंग्रजी नावे शाबूत राहतात व मराठी नावे मोडतात. नावातील मात्रा किंवा जोडाक्षर गळाल्याने पावतीवर वा दाखल्यावर निराळेच नाव उमटू शकते.

अक्षरनिहाय छेद : मालेचे सारणीत रूपांतर करताना २०१५ पासून उपलब्ध असलेली क्रमवार वाचनाची सोय वापरल्यास एककांच्या जोड्या फुटत नाहीत. मोडीचे वर्ण व साधी भावचित्रे त्यामुळे अखंड राहतात. तथापि देवनागरीच्या मात्रा तशाच सुट्या पडतात. पूर्ण अक्षरे हवी असल्यास ‘इंटल.सेगमेंटर’ ही रचना वापरावी लागते. भाषेच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या मानकात तिचा समावेश २०२२ मध्ये झाला व एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्सने तिचा अंगीकार केल्यावर ती सर्व प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध झाली. तिच्याकडून अक्षरगटांची सारणी घेऊन शेवटचे गट जोडले असता अंत्यभाग मिळतो. ‘पुणे’चा शेवटचा गट ‘णे’ असा येतो.

जोडाक्षरांबाबत एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार हलंत खुणेनंतर गट संपत असे. त्यामुळे ‘ष्ट्र’ चे तीन गट पडत व ‘महाराष्ट्र’चे एकूण गट सहा होत. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती इ. लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम समाविष्ट झाला व गट चार झाले. यंत्रणा कोणत्या आवृत्तीवर आधारलेली आहे यानुसार फलित बदलू शकत असल्याने महत्त्वाच्या कामात ते प्रत्यक्ष पडताळून पाहणे अगत्याचे आहे.

समरूप मजकूर : डोळ्यांना एकच दिसणारा शब्द संगणकात दोन प्रकारे साठविलेला असू शकतो. मराठीतील ‘ऱ’ हे चिन्ह एका संकेतांकानेही लिहिता येते आणि र व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. पहिल्या रूपातील ‘सुऱ्या’ हा शब्द दुसऱ्या रूपातील ‘ऱ्या’ ने संपतो काय, असे एंड्जविथला विचारल्यास उत्तर असत्य येते. यावर उपाय म्हणून नॉर्मलाइज या पद्धतीने दोन्ही माला तुलनेपूर्वी एका रूपात आणतात. मात्र तोच अर्धा रकार र, हलंत खूण व एक अदृश्य जोडचिन्ह मिळूनही लिहितात. हे तिसरे रूप मानकानुसार समतुल्य गणले जात नसल्याने नॉर्मलाइजने ते बदलत नाही. त्यासाठी आज्ञावलीकारास स्वतंत्र नियम करावा लागतो.

पद्धतीची निवड : सारांश, अंक किंवा रोमन सांकेतिक नावे यांसारखा एकविध मजकूर व ठाऊक लांबी असता स्लाइस पुरेशी असते, लांबी चल असल्यास शून्य व लहान माला या दोन शक्यता आधी तपासाव्यात. विभाजक ठाऊक असता लास्टइंडेक्सऑफ वापरून तो न सापडल्याचा प्रसंग स्पष्टपणे हाताळावा. पत्ते व नावे यांचे स्वतःचे संकेत असल्याने केवळ शेवटच्या तुकड्यावर विसंबू नये. माणसाने वाचावयाच्या मजकुरात, विशेषतः भारतीय लिप्यांत, छेद एककांवर न घेता अक्षरगटांवर घ्यावा. संगणकाच्या हिशेबी मालेचा शेवट म्हणजे शेवटचे एकक. वाचकाच्या हिशेबी तो शेवटचे अक्षर किंवा शेवटचा अर्थपूर्ण भाग होय. या दोहोंतील अंतर ओळखून केलेला छेदच विश्वसनीय ठरतो.